गोत्र बदललं, देश राहिला

शेपूचा वास तुम्हाला आवडतो का हो? खरं सांगा! ओल्या फडक्यात गुंडाळून आणलेली जुडी सोडली, की तो उग्र, हिरवागार, नाकाच्या शेंड्याला झोंबणारा दरवळ स्वयंपाकघरातून ओटीवर, ओटीवरून थेट रस्त्यापर्यंत पोचतो, आणि आमच्या नौपाड्याच्या घरात तर तो आला की सरळ दोन तट पडत. एका तटात आई, दादा आणि मी, नाकाला पंचा किंवा पदर लावून बसलेले. दुसऱ्या तटात एकटी वहिनी. कल्याणच्या बाजारातून मामांनी पाठवलेल्या त्या जुडीत ती तोंड खुपसायची आणि डोळे मिटून अशी उभी राहायची, जणू कुणी तिला पोटाशी धरलं आहे. तिच्या देशात म्हणे उकडलेल्या बटाट्यावर, काकडीवर, कढणावर शेपूच चिरून घालतात! काय एकेकाची आवड! पण त्या क्षणी तिच्या गोऱ्या चेहऱ्यावर जी तृप्ती उमटे ती पाहून आमच्या नाकाची तक्रार आम्ही निमूटपणे गिळत असू.

होय, वहिनी पोलंडची. तिचं नाव हालिना. महायुद्धात तिला आणि तिच्या आईला घरातून उचलून, आगगाडीत कोंबून रशियाच्या गोठलेल्या मुलखात नेलं. तिथून सुटून बाहेर पडायच्या वाटेवर, इराणात, आई गेली. बापाचा पत्ता कधीच लागला नाही. आणि ही पोरकी, किडकिडीत मुलगी शेकडो देशबांधवांबरोबर समुद्र ओलांडून कोल्हापूरजवळच्या निर्वासित छावणीत येऊन पोचली. नियतीची पावलं कुणाला कळली आहेत! तिथंच ती वाढली, नर्सिंग शिकली, आणि दूध-भाजी घेऊन येणाऱ्या आसपासच्या बायकांकडून मराठी शिकली. त्यामुळे पुढं नौपाड्यात, जिथं लोक बोलतानाही इस्त्री केल्यासारखे बोलतात, तिथं ही निळ्या डोळ्यांची बाई "मी येतो की वो आत्ती!" म्हणायची, आणि शेजारच्या बायका हसून हसून लोटपोट व्हायच्या. युद्ध संपलं, छावणी रिकामी झाली, कुणी विलायतेला गेलं, कुणी ऑस्ट्रेलियाला. हिनं मात्र एका इस्पितळात नोकरी धरली, कारण त्याच इस्पितळात आमचा दादा नवाकोरा डॉक्टर म्हणून रुजू झाला होता. पुढचं मी सांगायला हवं का?

लग्न झालं ते एकोणपन्नास साली, ठाण्यात. आईनं आधी तीन दिवस अन्न टाकलं, चौथ्या दिवशी मुलीला प्रत्यक्ष पाहिलं आणि पाचव्या दिवशी मुहूर्त काढायला लावला, असा आमच्या आईचा खाक्या! सरकारदरबारी सह्या झाल्या होत्याच. पण सह्यांनी कुठं लग्न लागतं? भटजींनी विचारलं, मुलीचं गोत्र काय, कन्यादान कोण करणार? सगळे एकमेकांकडे बघू लागले. तेव्हा कल्याणचे आमचे मामा पुढं झाले. मामा-मामींना मूलबाळ नव्हतं. त्यांनी संकल्प सोडून तिला मुलगी मानलं, आपलं गोत्र दिलं, आणि डोळे पुशीत कन्यादान केलं. लगेच मांडवात कुणीतरी ओरडलं, "बघा, दादानं शेवटी मामाचीच मुलगी केली!" केवढा हशा पिकला! मग ताटातल्या तांदळांत दादानं अंगठीनं नाव रेखलं, 'हेमा', आणि हालिना आमची हेमावहिनी झाली. नाव बदललं, गोत्र बदललं, कुलदैवत बदललं. आता आणखी काय बदलायचं राहिलं? परदेशी माणसानं पोलिसात जाऊन राहण्याचा परवाना घ्यावा लागतो हे दादाला माहीत नव्हतं असं नाही, पण आई म्हणाली, "परदेशी कोण? ही? सप्तपदी झाली ना?" आणि या निर्वाणीच्या युक्तिवादावर परवान्याचा विषय कायमचा मिटला. सात पावलांत माणूस राष्ट्र ओलांडतो, अशी आमच्या अख्ख्या घराची निर्मळ श्रद्धा होती.

ती सहा-सात वर्षं टिकली. मग वहिनीनं एका प्रसूतिगृहातल्या नोकरीसाठी अर्ज केला, जन्मस्थान विचारलं तिथं सरळ खरं ते लिहिलं, आणि महिन्याभरात पोलिसांचा कागद दारात हजर! सदर परदेशी स्त्री विनापरवाना राहत असल्याचे दिसते. तिने आपले नागरिकत्व सिद्ध करावे, नाहीतर देश सोडावा. देश सोडावा! आणि जावं कुठं? तिचं गाव ज्या जिल्ह्यात होतं तो जिल्हाच युद्धानंतर रशियाच्या नकाशात गेला होता. दादा-वहिनीची कडेवरची लेक चिमी जन्मानं या भूमीची नागरिक, आणि तिला कडेवर घेऊन उभी असलेली आई परकी! दादाच्या हातातला चहा तसाच निवत राहिला. वहिनी एवढंच म्हणाली, "मला परत गाडीत घालतील काय वो?" त्या एका वाक्यात तिचं सगळं बालपण होतं.

मी तेव्हा ठाण्याच्या कोर्टात नुकताच वकिली करू लागलो होतो, म्हणजे काळा कोट घालून बाररूममध्ये चहा पीत होतो म्हणा ना! पण त्या दिवसापासून मला असं भूत लागलं की विचारू नका. मुंबईची ग्रंथालयं पालथी घातली. वहिनी कायद्यानं आज नेमकी कुठली हे ठरवायला पोलंडच्या वकिलातीतून त्यांच्या कायद्यांचं इंग्रजी भाषांतर मिळवलं. जेवताना, चालताना, दाढी करतानासुद्धा कलमं घोकू लागलो. त्या काळी हा विषय हवेतच होता. कल्याणपलीकडच्या जुन्या लष्करी बराकींत सिंधी कुटुंबं येऊन राहिली होती. जन्मली एका देशात, आणि तोच देश पायाखालून निघून गेलेला! मामांच्या दुकानात येणारा एक म्हातारा सिंधी व्यापारी मला नेहमी म्हणे, "वकीलसाब, हमने घर छोडा, मुल्क ने हमको छोडा, दोनो का हिसाब कौन करेगा?" माणूस देशाचा असतो म्हणजे नेमका कशानं असतो? मातीनं, रक्तानं, भाषेनं, की कुणा अधिकाऱ्याच्या शिक्क्यानं? असले प्रश्न मनात घोळवत मी त्या परक्या कलमांतून हिंडत होतो, आणि एका दुपारी, अहाहा, ते कलम हाती लागलं!

सोपं करून सांगतो. पोलंडचा जुना कायदा म्हणत होता, पोलिश मुलीनं परदेशी माणसाशी लग्न केलं की तिचं नागरिकत्व जातं; पण केव्हा? त्या लग्नानं तिला नवऱ्याच्या देशाचं नागरिकत्व मिळालं तरच! आता बघा गंमत. एकोणपन्नास साली आपलं काय होतं? इंग्रज गेलेला, संविधान लिहून पुरं व्हायचं होतं, आणि लग्नामुळे परक्या बाईला भारताची नागरिक करील असा कायदा आपल्याकडे औषधालाही नव्हता. म्हणजे वहिनीला काही मिळालं नाही. आणि मिळालं नाही म्हणून तिचं काही गेलंही नाही! पुढं त्यांचा नवा कायदा आला, त्यानं तर लग्नाचा आणि नागरिकत्वाचा संबंधच तोडून टाकला. ज्या देशाला आपण लग्नाच्या दिवशीच मुकलो असं ती इतकी वर्षं समजत होती, तो देश तिच्याजवळच होता. ग्रंथालयातल्या त्या शांततेत मी टेबलावर मूठ आपटली आणि शेजारच्या वृद्ध वाचकाची बोलणी खाल्ली.

ठाणे स्टेशनापासून घरापर्यंत मी अक्षरशः पळत आलो. "वहिनी, तू अजून पोलंडचीच आहेस!" दारातूनच ओरडलो. आई कपाळाला हात लावून म्हणाली, "मेल्या, हळू बोल, आधीच पोलीस मागे लागलेत!" पण वहिनी? ती आधी हसली, मग पुन्हा पुन्हा विचारू लागली, खरंच का, नक्की का, कुठं लिहिलंय, दाखव. मी कलम दाखवलं. तिनं त्यावरून बोट फिरवलं. त्या संध्याकाळी तिनं चिमीला मांडीवर घेऊन, कधी नव्हे ते, आपल्या भाषेत गाणी म्हटली. पुढचे काही दिवस तर घरात सण असल्यासारखे गेले. ती चिमीला आपल्या गावाची नदी सांगायची, आपल्या आईची वेणी सांगायची. इतक्या वर्षांत आम्ही कधी विचारलं नव्हतं आणि तिनं कधी सांगितलं नव्हतं.

आणि मग पुढचं कलम आलं. पंचावन्नच्या आपल्या कायद्यानं भारतीय माणसाच्या बायकोला नोंदणी करून नागरिक होता येत होतं. मार्ग मोकळा होता. पोलिसांनी मुदत वाढवून दिली, पोलंडकडून नागरिकत्व बदलण्याची परवानगीही आली. फक्त अर्जात एक वाक्य होतं, आधीच्या देशाचं नागरिकत्व मी सोडून देईन. वहिनीनं टाक हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला. म्हणाली, "आईचं माझ्याजवळ दुसरं काहीच न्हाई वो. फोटो न्हाई, माती न्हाई. येवढंच हाय." ज्याचा शोध लावून मी गावभर नाचत होतो, ते तिच्या ओंजळीत मीच घातलं आणि आता मीच परत मागत होतो! सही केली नाही तर घर जाणार, केली तर आई जाणार. काय सल्ला देणार वकील?

"त्यात काय एवढं, सही कर आणि मोकळी हो," असं आई रोज म्हणत होती. त्या दिवशी तिनं मला ते वाक्य मराठीत वाचायला लावलं. ऐकलं, आणि एकदम भडकली. "असलं लिहून घेतात? मी चाळीस वर्षं या घरात राबतेय, पण माहेर सोडलं म्हणून कुण्या मेल्यानं माझ्याकडून लिहून घेतलंय का? दुसरं कलम काढ!" दुसरं कलम नव्हतं. तेव्हा आई म्हणाली, "लिहून द्यायचंच असेल तर रीतीनं देऊ दे. हिच्या लग्नात आपण सगळ्यांनी हिला घरात घेतलं. हिची पाठवणी कुणी केली होती?"

कचेरीत सही करून नागरिकत्वाची शपथ घ्यायच्या दिवशी सकाळी आईनं तिला पाटावर बसवलं. कल्याणहून मामी आल्या होत्या. त्या ओटी भरायला पुढं झाल्या, तर आई म्हणाली, "तुम्ही नंतर. आत्ता मी हिची सासू नाही. जी इराणात राहिली, तिच्या वतीनं भरते." खण, नारळ, तांदूळ. वहिनीच्या ओटीत तांदूळ पडले मात्र, आणि लग्नात एक टिपूस न काढलेली ती पोर "मामो! मामो!" असा टाहो फोडून आईच्या गळ्यात पडली. मामो म्हणजे आई, हे आम्हाला कुणी सांगावं लागलं नाही. आई तिला थोपटत राहिली, "हो गं, हो. जा आता. सुखी राहा." दादा खिडकीकडे तोंड करून उभा होता. मी तर सरळ परसात पळालो.

कलेक्टर कचेरीत पोचलो तरी तिचे हुंदके थांबेनात. शपथ देणारा अधिकारी सज्जन होता, त्यानं चष्मा काढला, दादाकडे संशयानं पाहिलं, मग तिला जवळ बोलावून हळूच विचारलं, "बाई, तुमच्यावर कुणाची जबरदस्ती तर नाही ना?"

वहिनीनं पदरानं डोळे पुसले, तरी ते पुन्हा भरलेच. "जबरदस्ती कसली वो सायेब," ती म्हणाली, "आज सासरी निघालो."