शंकरण्णांचा जोड तुटला नव्हता

कमी पैशात हलकी फोर-व्हील-ड्राइव्ह बांधू पाहणाऱ्या बंगळूरच्या मित्रांनो, कंपन्यांच्या महाग आणि अवजड गाड्यांना आपण सगळेच वैतागलो आहोत. या मेल-ग्रुपवर त्या अन्यायाविरुद्ध सर्वांत मोठी भाषणं मीच ठोकली.

आज सकाळी देवनहळ्ळीजवळच्या खडकाळ वाटेवर माझ्या गाडीच्या पुढच्या स्प्रिंगचा ब्रॅकेट तुटला. गाडी कलंडता कलंडता राहिली. घरी येऊन मी तडक तुम्हाला लिहिलं, की तो ब्रॅकेट जोडून देणाऱ्या हेब्बाळच्या शंकरण्णांचं वेल्डिंग कच्चं आहे, त्यांना काम देऊ नका. तासाभरात तुमच्यापैकी दोघांनी त्यांना फोन करून आपली कामं रद्द केली.

दुपारी तुटका तुकडा घेऊन मी त्यांच्या शेडमध्ये भांडायला गेलो. त्यांनी तो फडक्याने पुसून माझ्या हातात दिला.

"जोड बघा की स्वल्प, जरा नीट. आहे तसाच आहे. तुटलंय ते तुमच्या भोकांतून."

वजन घटवायला त्या ब्रॅकेटला चार भोकं मीच घरी पाडली होती. त्यांनी नको म्हटलं होतं, तरीही.

"वजन कमी करायचं होतं ना साहेब? झालं की," ते म्हणाले. मग हळूच विचारलं, "पण त्या दोघांना आता मी काय सांगू?"

न्यायावर भाषणं ठोकणारा मी, पुरावा न बघता एका कारागिराचं नाव घालवून बसलो.

सांगायचं काम त्यांचं नाही, माझं आहे. वेल्डिंग पक्कं होतं, चूक माझी होती. त्या दोघांनी उद्या सकाळी आपल्या गाड्या शंकरण्णांच्याच शेडमध्ये न्याव्यात.