कोर्सला माझं नाव आलं तेव्हा

मी फौजेत नर्सिंग ऑफिसर होते. कॅप्टन परब. पोस्टिंग मुंबईतच, मिलिटरी हॉस्पिटलच्या ऑपरेशन थिएटरमध्ये. मी लालबागची, जोडीला कॅप्टन फिलोमिना माहीमची. वस्त्यांच्या त्याच नावांनी आम्ही एकमेकींना हाक मारायचो.

फिलोचं काम असं, की सर्जननं हात पुढे करायच्या आधी चिमटा तळव्यावर. माझं असं, की मी आले की लोक ट्रे मागे सरकवत. युनिफॉर्मला इस्त्री मात्र कडक. आरशात मला ब्रिगेडियरच दिसायची.

त्या वर्षी थिएटर कोर्सला एकच जागा होती. कोर्स झाला की पगारात भत्ता, आणि परमनंट कमिशनच्या, म्हणजे कायम नोकरीच्या, बोर्डापुढे वजन. फिलोची मुदत संपत आलेली. कोर्स नाही तर घरी.

एके दिवशी सोळाशेला, म्हणजे तुमच्या चार वाजता, सरावावरचा ट्रक उलटल्याचा फोन आला. पाच जखमी. पहिल्याच केसला मी निर्जंतुक ट्रे जमिनीवर पाडला.

"परब, आउट," मेट्रन म्हणाल्या. "फिलो, टेक ओव्हर."

पाचही जवान वाचले. फिलो शेवटपर्यंत बसली नाही.

आठवड्यानं ऑर्डर आली. नाव माझं. मी शहाणी, लालबागहून पेढे आणून वॉर्डभर वाटले आणि मेट्रनचे आभार मानायला गेले.

"फिलोला पाठवलं तर थिएटर बंद पडेल," त्या पेढा खात म्हणाल्या. "तू गेलीस तर काय अडतंय?"

फिलो हात धूत होती. मी तिला सांगितलं.

"मला म्हणाल्या, तू माझा उजवा हात," ती म्हणाली.

"मग?"

"मग काय. उजवा हात कोण सोडतं? जा, लालबाग. ट्रे धरायला तरी शिकून ये."

"मी नाही म्हणून सांगते."

"ऑर्डर आहे. आणि पेढा खाल्लाय मी तुझा."

मी गेले. पुढे मेजर झाले, पेन्शन खाते. फिलो कॅप्टन म्हणूनच घरी गेली. निरोपाला मेट्रननी गुच्छ दिला.

परवा नात ऑफिसातून खुशीत आली. "आजी, बॉस म्हणतो तुझ्याशिवाय टीम चालणार नाही."

"पेढे आणू नकोस," मी म्हटलं.

माहीमच्या दफनभूमीत फिलोच्या दगडावर नावाआधी 'कॅप्टन' कोरलंय. फौजेत सॅल्यूट आधी ज्युनिअरनं करायचा असतो. तिथे दर वेळी आधी मीच करते.