प्रवेश विनामूल्य, सर्वांसाठी खुला

आमच्या पेपरात आतल्या पानावर एक छोटं सदर येतं, आज शहरात कुठे काय आहे याचं. व्याख्यान, चित्रप्रदर्शन, बागेतली मैफल, पक्षीनिरीक्षण. ज्या ओळीच्या शेवटी ‘प्रवेश विनामूल्य, सर्वांसाठी खुला’ असायचं, तिच्याखाली मी पेनाने रेघ मारायचो. मला त्यातलं काही फार आवडायचं असं नाही. लेकीला घेऊन दिवसभर कुठे जायचं, एवढाच माझा प्रश्न होता.

लेक तेव्हा एकोणीस वर्षांची होती. तिला ऑटिझम आहे. शब्द चारच : पाणी, चल, नको, आई. ‘बाबा’ ती म्हणत नाही. माझं कोपर धरते, तेच तिचं बाबा म्हणणं. अठरा पूर्ण झाल्यावर तिची शाळा सुटली. मग ती कागदी पिशव्या करायच्या एका वर्कशॉपमध्ये जायची, तर ती इमारत रिडेव्हलपमेंटला गेली. दुसरी जागा मिळाली की कळवतो म्हणाले, ते कळवताहेत अजून. त्यातच बायकोला कॅन्सर निघाला आणि चार महिन्यांत ती गेली. मी कांजुरमार्गला एका औषध कंपनीत स्टोअरला होतो. नोकरी सोडली. दुसरं कोण होतं बघायला?

मुलुंड पूर्वेला आमची वन रूम किचन. घरात ठेवली की सकाळी दहाच्या सुमारास लेक येरझाऱ्या घालायला लागायची. दरवाज्यापासून खिडकी, खिडकीपासून दरवाजा. आईला शोधत असावी. मग कपाळ भिंतीवर. मी मध्ये उशी धरायचो, तर ती उशी सोडून दुसरी भिंत गाठायची. खालच्या मजल्यावरची बाई आधी वर येऊन विचारपूस करायची, नंतर नुसतीच छताला काठी ठोकायला लागली. तिला तरी काय बोलणार?

बाहेर मात्र लेक वेगळी असायची. झपझप चालायची, झाडाचं पान तोडून ओठांवर फिरवायची. आणि कुठे तबला, ढोलकी वाजत असली की जागच्या जागी थांबायची. डोळे मिटायची. त्या वेळी तिचा चेहरा बघून कोणी म्हणणार नाही की हिला काही त्रास आहे.

सकाळची वेळ बागेत निघून जायची. दुपारी बागेला कुलूप लागतं. त्या तीन-चार तासांची मला धास्ती असायची. ऊन डोक्यावर, घरी भिंती. नाट्यगृहाच्या इमारतीत चित्रप्रदर्शनं भरायची, तिथे एसी असायचा. एकदा एका निवृत्त शिक्षकांचं प्रदर्शन होतं आणि बघायला आम्ही दोघंच. लेक खाडीच्या एका निळ्या चित्रासमोर जमिनीवर बसली ती हलेचना. मग उठली आणि थेट चित्राला जीभ लावली. मी धावलो. ते गृहस्थ म्हणाले, “राहू द्या हो. रंग वाळलाय, पोटात काही जाणार नाही तिच्या. आठवडाभरात इतक्या जवळून कोणी बघितलंच नाही ते.”

असे लोक कमी. भांडुपच्या खाडीवर पक्षी दाखवायला एक ग्रुप जायचा, आम्ही गेलो. फ्लेमिंगोंचा थवा चिखलात उभा होता, सगळे दुर्बिणी लावून श्वास रोखून होते. लेकीला आनंद झाला आणि ती ओरडली. थवा उठला. पंचवीस माणसांनी एकदम मागे वळून बघितलं. ग्रुपचा प्रमुख सभ्य होता, बाजूला घेऊन म्हणाला, “सर, राग मानू नका, पण पुढच्या वेळी तुम्ही दोघंच असे वेगळे आलात तर बरं.” मी सॉरी म्हटलं. दिवसातून दहा वेळा म्हणायचो मी सॉरी, त्यात अजून एक.

पण खरी अडचण वेगळीच होती. बायांच्या टॉयलेटमध्ये बापाला जाता येत नाही. बायको असताना हा प्रश्न कधी डोक्यातही आला नव्हता. आता मी टॉयलेटच्या दाराशी उभा राहून अनोळखी बायांना विनवायचो, “ताई, माझ्या मुलीला जरा आत नेता का? तिला नाडी बांधता येत नाही.” काही जणी नेत. काही जणी पर्स छातीशी धरून पुढे निघून जात. त्यांचंही चूक नाही. मी कोण, त्यांना काय माहीत?

घाटकोपरच्या एका बागेत रविवारी सकाळी तबलावादन होतं. सात वाजता आम्ही पोचलो. पाऊण तास लेक माझं कोपर धरून शांत बसली होती, बोटांनी माझ्या हातावर ठेका धरत होती. बायको गेल्यापासून पहिल्यांदा मला वाटलं, जमेल आपल्याला. मग तिने सलवार ओढली. मी बघितलं तर मागे डाग होता. पाळी तारखेच्या चार दिवस आधीच आली होती.

पिशवीत सगळं होतं, पॅड, दुसरी सलवार. मी तिला टॉयलेटपर्यंत नेलं. दाराशी कोणीच नव्हतं, सगळ्या बाया मैफलीत. मी पिशवी तिच्या हातात दिली आणि म्हटलं, “बाय माझी, आत जा. कडी लावू नको.” ती गेली आणि तिने कडी लावली. मग तिला ती काढता येईना. आतून किंचाळायला लागली. दार हादरत होतं, तिचं डोकं आपटत होतं त्याच्यावर.

मी आत घुसलो. दुसरं काय करणार? दाराला खांदा दिला, दोनदा, तिसऱ्यांदा कडी निखळली. तिला बाहेर ओढली तेव्हा तिच्या सलवारीची नाडी सुटलेली, कपाळ लाल, आणि ती मला ढकलत ओरडत होती, “नको! नको!”

तोवर माणसं जमली होती. काय दिसलं असेल त्यांना, ते मला आजही कळतं. बायांच्या टॉयलेटमधून एक छप्पन वर्षांचा माणूस रडणाऱ्या मुलीला ओढत आणतोय.

“ओ, सोडा तिला! कोण लागते ही तुमची?”

“मुलगी आहे माझी.”

“मग अशी का ओरडतेय?”

“तिला बोलता येत नाही. ऑटिझम आहे तिला. प्लीज, तिला हात नका लावू, ती अजून घाबरेल.”

एका बाईने तिला स्वतःकडे ओढलं आणि लाडाने विचारलं, “बेटा, ये अंकल कौन है तेरे?”

लेक म्हणाली, “नको.”

तेवढं पुरलं. दोघांनी माझे दंड धरले. एक पोरगा मोबाइलवर शूटिंग करत होता. मी माझ्या फोनमधले फोटो दाखवतो म्हणत होतो, पण हात सोडेल कोण? मागे तबला थांबला होता. आख्खी बाग आमच्याकडे बघत होती.

जवळच्या पोलीस चौकीत माझा फोन काढून घेतला, मला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि लेकीला आतल्या खोलीत, एका लेडी कॉन्स्टेबलबरोबर. फोन परत मिळाल्यावर मी फोटो दाखवले. साहेब म्हणाले, “फोटो ठीक आहेत हो, पण कागद काहीतरी दाखवा.” कागद घरी होते, कपाटात. घराची दुसरी चावी माझ्या मोठ्या बहिणीकडे, ती भांडुपला राहते. तिला फोन केला. ती येईपर्यंत अडीच तास गेले.

ते अडीच तास मी लाकडी पार्टिशनपलीकडचा आवाज ऐकत होतो. ठक. ठक. मी उठून सांगितलं, “मॅडम, तिच्या कपाळापुढे काहीतरी धरा, उशी, टॉवेल, काहीही.” आतून उत्तर आलं, “धरलंय हो काका, बसा तुम्ही.” मी बसलो.

आणि तिथे बसल्या बसल्या माझ्या मनात आलं की यांना सांगावं, नाही, ही माझी कोणी नाही. मग ते तिला कुठल्यातरी सरकारी संस्थेत पाठवतील. तिथे जेवण असेल, बाया असतील, टॉयलेटचा प्रश्न नसेल. मी घरी जाऊन झोपेन. एकच वाक्य बोलायचं होतं. मी ते जुळवून बघितलं, ओठांपर्यंत आणलं. किती वेळ, सांगता येणार नाही. मग आतून तिने हाक मारली, “आई!” मला हाक नव्हती ती. मी दोन्ही हातांत तोंड लपवून पोलीस चौकीत रडलो.

बहीण आली ती साडीची इस्त्रीबिस्त्री न बघता, प्लास्टिकच्या पिशवीत अपंगत्वाचं सर्टिफिकेट, आधार कार्ड, माझ्या लग्नाचा फोटोसुद्धा घेऊन. साहेबांनी सगळं वाचलं आणि उठून उभे राहिले. “सॉरी, काका. आम्हाला खात्री करावीच लागते.” मी म्हटलं, “बरोबर आहे तुमचं.” मला खरंच तसं वाटत होतं. लेडी कॉन्स्टेबलने लेकीला धुऊन पुसून नीट कपडे घातले होते. कॉन्स्टेबलच्या हातावर लेक चावल्याच्या दोन खुणा होत्या, त्याची तिने तक्रार केली नाही.

रिक्षात लेक मध्ये बसली, माझं कोपर धरून, झोपून गेली. मी बहिणीला सगळं सांगितलं. ते वाक्यही सांगितलं. वाटलं होतं, आता ही मला शिव्या देईल.

ती बाहेर बघत बसली. मग म्हणाली, “तुझी बायको गेली ना, त्या दिवशी माझ्या मनात इला होता, हिका पण सोबत घेवन जा म्हणान. तू तर नुसतो मनात बोललंस. मी देवासमोर हात जोडून बोललंय.”



त्यानंतर अकरा दिवस मी लेकीला घेऊन दाराबाहेर पडलो नाही. भिंतींना कमरेपासून वर जुन्या गाद्यांचा कापूस भरून गोधड्या ठोकल्या. लेक त्यांच्यामधला उघडा तुकडा बरोबर शोधून काढायची. बहिणीच्या सांगण्यावरून एका निवासी संस्थेत फॉर्म भरला. तिथले गृहस्थ फोनवर नम्रपणे म्हणाले, “यादी मोठी आहे. ज्यांचे आईवडील दोघंही नाहीत, त्यांना आधी घेतो. तुम्ही आहात अजून.” मी आहे अजून. मला लाज वाटली त्याची.

बाराव्या दिवशी दुपारी तिने डोक्याला खोक पाडून घेतली. डॉक्टरकडून पट्टी करून परत येताना रस्त्यातच एका देवळाच्या सभागृहातून टाळ, ढोलकी ऐकू आली. बायकांचं भजनी मंडळ होतं. लेक थांबली. मला पुढे जायचं होतं. ती हलेना.

मी दारात उभा राहिलो आणि एका दमात, मोठ्याने बोलून टाकलं, “माझी मुलगी आहे ही. ऑटिझम आहे. मध्येच ओरडेल. कदाचित कोणाला ढकलेल. टॉयलेटला जायचं झालं तर तुमच्यापैकी कोणालातरी न्यावं लागेल, मला नेता येत नाही. हे जमत असेल तरच बसवतो, नाहीतर जातो.”

ढोलकीवाली थांबली. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी वळणार, तेवढ्यात पुढची एक जाडजूड बाई म्हणाली, “अहो, बसवा ना. आम्ही तरी कुठे सुरात गातोय!”

दोघी हसल्या, बाकीच्या हसल्या नाहीत. एकीने आपली चटई जरा लांब ओढली. लेक ढोलकीच्या अगदी जवळ जाऊन बसली, डोक्याला पट्टी, डोळे मिटलेले. तिसऱ्या भजनाला ती ओरडली. त्या गातच राहिल्या. मी उंबऱ्याबाहेर चपला घालूनच उभा होतो, कधी उठायला सांगतात याची वाट बघत.