उलटवलेला कोट

माझ्या नवऱ्याला नीट दिसत नाही, हे मला कळून आठ महिने झाले होते आणि त्या आठ महिन्यांत मी त्यावर एकदाही तोंड उघडलं नव्हतं. मी! जिच्या आवाजाला चिपळूणची अख्खी बाजारगल्ली वचकून असते, ती मथुरा. पण भीतीच तशी होती. आंधळ्या टेलरकडे कापड कोण देणार हो?

आमचे हे, म्हणजे काशीराम टेलर, मुंबईला फोर्टात एका पारशाच्या दुकानात कोट शिकले. छातीत कॅन्व्हास घालून त्यावर हातानं बारीक टाके, शेकड्यांनी. कॉलरला वळण हातानं, काजंही हातानं. लोटे गावच्या कारखान्यातली पोरं सफारी शिवून घ्यायला यायची आणि उद्याच द्या म्हणायची. हे त्यांना सरळ पुढच्या दुकानाची वाट दाखवायचे. एवढा ताठा! मी आत काजं करत बसलेली गालात हसायची. मला आवडायचा तो ताठा, खोटं कशाला बोलू?

मग गणपतीच्या आधी यांनी काळ्या कोटाला निळ्या दोऱ्यानं बटणं लावली. "अहो, हा निळा," म्हटलं, तर म्हणाले, "उजेड कमी आहे." भर दुपारी! आठ दिवसांनी बटणांच्या डब्यात, अगदी तळाशी, मला डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली सापडली. मी ती होती तशी ठेवली. दुसऱ्या दिवसापासून हे आंघोळीला गेले की मी वीस सुया ओवून सुयांच्या उशीला टोचून ठेवायला लागले. हे येऊन सुई उचलायचे आणि शिवायला बसायचे. ओवली कोणी, कधी विचारलं नाही. टाके हाताच्या सवयीनं नीट पडत होते. मला धास्ती होती ती कात्रीची नि ब्लेडची.

पंच्याऐंशीच्या एप्रिलात शाळेतले सखाराम गुरुजी एक कोट घेऊन आले. मुलाचं लग्न पंधरा दिवसांवर होतं. म्हणाले, "हा माझ्या बाबांचा. छप्पन साली धम्माची दीक्षा घेतल्यावर मुंबईत शिवला आणि घालून गावात आले. आमच्या वाडीतला पहिला कोट. लोक दाराआडून बघत होते. माझ्या पोराच्या लग्नात मला हाच घालायचाय."

बाहेरून कोट विटला होता, कॉलर घासून पांढरी पडली होती. पण आतल्या बाजूनं ती लोकर कालच ठाणातून काढल्यासारखी काळीभोर. पूर्वी असे कोट उलटून द्यायचे. सगळा कोट उसवायचा, आतली बाजू बाहेर घ्यायची आणि पुन्हा शिवायचा. जुनं काम आहे, आता करतं कोण? आणि उसवायचं म्हणजे काळ्या कापडावरचा काळा टाका ब्लेडनं तोडायचा.

हे नाही म्हणू देत म्हणून मी देवाचं नाव घेत होते. यांनी कापडावरून हात फिरवला आणि म्हणाले, "मिळेल." अस्सा राग आला मला!

"उसवायचं मी बघते," मी म्हटलं.

"ब्लेड माझ्याकडे राहू दे." बस्स. कात्रीचंही तसंच. खिळ्यावरची ती कात्री तीस वर्षांत मी हातात घेतली नव्हती. टेलरची कात्री दुसऱ्याच्या हातात जात नाही.

तीन दिवस मी आत बसून नुसती ऐकत होते. टिक, टिक, एकेक टाका तुटत होता. तिसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला ते टिकटिक थांबलं आणि 'चर्र' झालं.

मी धावले. हे दोन्ही तळवे कापडावर दाबून बसले होते, वाहती जखम दाबावी तसे.

"काय झाला?"

"काय नाय."

मी त्यांचे हात उचलले. एप्रिलात गार पडले होते. खाली कोटाच्या छातीवर बोटभर चीर.

"मथुरा, मला दिसत नाय गो," ते म्हणाले. "गुरुजींना काय सांगू? बापाचा कोट फाडला त्यांच्या."

मला रडूही येत होतं नि दोन शब्द सुनावावेसेही वाटत होते. पण मी कापड उचलून दारात उजेडाला नेलं. आणि माझ्या ध्यानात आलं. "अहो, ही उजवी बाजू. उलटली की डावीकडे येणार. नवा वरचा खिसा इथंच कापायचाय!"

यांनी चिरेवरून बोट फिरवलं. "तिरकी आहे?"

"जराशी."

"तो खिसा जरा तिरकाच असतो. पण अजून दोन बोटं वाढवायला लागेल. एका रेषेत. चुकलं तर कोट गेला." ते उठले, भिंत चाचपत खिळ्यापर्यंत गेले, कात्री काढली आणि माझ्यापुढे धरली. "काप."

बाळंतपणाला भ्याले नव्हते एवढी मी त्या कात्रीला भ्याले. यांनी कापड ताणून धरलं. यांची बोटं पात्यापासून नखभर लांब. मी श्वास धरला आणि कापलं.

सरळ गेलं.

जुना खिसा नि जुनी काजं मी त्याच कापडाचे धागे काढून रफू केली. यांनी कोट पुन्हा शिवून काढला. लग्नाच्या आधी गुरुजी आले, कोट घातला, आरशात बघितलं आणि त्यांचं बोट थेट त्या खिशावर.

"काशीरामभाऊ, उलटल्यावर खिसा उजवीकडे जातो म्हणतात. हा डावीकडे कसा?"

"जुना बुजवला, हा नवा केला," हे म्हणाले. मला वाटलं, पुढे काहीतरी थाप मारतील. "आधी माझ्या हातून ब्लेड लागलं तिथं, गुरुजी. मला दिसत नाही. खिसा मथुरानं कापला."

गुरुजींनी रुमालाची घडी घातली, खिशात ठेवली आणि वरून थोपटली. "बाबांना आवडला असता," म्हणाले आणि कोट अंगात तसाच ठेवून गेले.

मी कात्री खिळ्याला लावायला गेले.

"तुझ्याकडेच ठेव," हे म्हणाले. "आणि सुया उद्यापासून तीस ओव. वीस पुरत नाहीत मला."