आता तुला विचारतोय

बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या वर्षी वडिलांच्या डोळ्याचं सांगलीत ऑपरेशन झालं. दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती, म्हणून जतहून सोबत आलेली मी त्यांना बायबलमधलं शुभवर्तमान वाचून दाखवायची. संडे स्कूलच्या परीक्षेत माझा पहिला नंबर ठरलेला असे.

एका दुपारी आंधळ्या भिकाऱ्याची गोष्ट आली. मी तुझ्यासाठी काय करू, असं येशू त्याला विचारतो. मी पुढं वाचणार, तोच वडील हळूच म्हणाले, "प्रभू, तू हितं बसलाईस न्हवं? मग बास."

"आबा, तो भिकारी असं म्हणत नाही. त्याला दृष्टी हवी होती."

"त्याचं त्यानं सांगितलं, माझं मी. आता प्रभू तुला इचारतोय. सांग की."

मला ते गाव, तो रस्ता, तो अध्याय, सगळं पाठ होतं. पण माझं उत्तर त्यात नव्हतं. वॉर्डात वर्दळ होती, तरी कुणीतरी माझ्यासाठी थांबलंय असं वाटलं. डोळे मिटून मी पुटपुटले, "प्रभू, मला तुझी ओळख हवी."

वडिलांनी चाचपडत माझा हात धरला. पुढं पट्टी सुटली, त्यांना छान दिसू लागलं. मला मात्र ते पान उलटायची कितीतरी दिवस घाई झाली नाही.