दुधाच्या रांगेतली साखळी

पणदऱ्यात आमच्या आळीच्या टोकाला दुधाची डेअरी होती. संध्याकाळची धार काढून झाली की घरोघरची पोरं किटल्या घेऊन तिथं जमायची. डेअरीवाल्याची वेळ साडेपाचची, पण दार कधी उघडेल याचा नेम नसायचा. आम्ही किटल्या भिंतीला लावून ओळीनं मांडायचो. किटली रांगेत उभी राहायची आणि आम्ही मोकळे व्हायचो. डेअरीच्या मागं एका अंगाला कालव्याची चारी आणि दुसऱ्या अंगाला ऊस, अशी मधे बरीच मोकळी जागा होती. तिथं आम्ही साखळी खेळायचो.

एकावर राज्य यायचं. तो ज्याला शिवेल त्यानं त्याचा हात धरायचा, मग दोघांनी मिळून तिसऱ्याला गाठायचं. पकडलेलं प्रत्येक पोर साखळीत येऊन मिळायचं. दहाबारा पोरांची साखळी झाली की खरी गंमत सुरू व्हायची, कारण एक टोक उसाकडे ओढायचं, दुसरं चारीकडे, आणि मधली बिचारी फरफटत जायची. कुणी आपटलं की सगळीच आपटायची. तेवढ्यात डेअरीचं दार वाजायचं आणि खेळ असेल तिथं मोडायचा. मग धुळीच्या हातांनी किटल्या उचलून आम्ही शहाण्यासारखे रांगेत उभे राहायचो. कोण जिंकलं हे विचारायला वेळच नसायचा.

त्या पोरांमध्ये माझी मैत्रीण होती. आम्ही सातवीत, एकाच बाकावर. तिच्या घरी पूर्वी मेंढरांचं मोठं खांड होतं, ते घेऊन माणसं आठ-आठ महिने बाहेर असायची. आमच्या वेळेपर्यंत तिच्या वडलांनी विहीर पाडून शेती धरली होती, आणि मेंढरं उरली होती ती तिच्या आजोबांची पंधरा-वीस. सुटीच्या दिवशी ती त्यांच्यामागं जायची. त्यामुळं असेल, पण ती पळायची तशी मी नंतर कुणाला पळताना पाहिलं नाही. पाय आपटायचे नाहीत. नुसता परकराचा फडफड आवाज यायचा.

साखळीत ती कुणाला सापडायची नाही. आम्ही सगळे एका बाजूला आणि ती एकटी पलीकडे, असं बऱ्याचदा व्हायचं. मग ती थोडा वेळ आम्हाला खेळवायची, हुलकावण्या द्यायची आणि शेवटी स्वतःच चालत येऊन टोकाच्या पोराचा हात धरायची. मला याचा फार राग यायचा. एकदा घरी जाताना मी तिला म्हणाले, की तू शेवटपर्यंत राहिलीस तर जिंकशील, मुद्दाम कशाला येतेस?

ती म्हणाली, “एकटीनं पळून काय करू? समदी तिकडं हायती.”

मला ते बावळटपणाचं वाटलं. माझे पाय तिच्यासारखे असते तर मी काय केलं असतं, ते मला पक्कं ठाऊक होतं.

त्याच वर्षी आमच्या शाळेत खेळाचे नवे सर आले. माणूस कष्टाळू होता. सकाळी सातला स्वतः चुन्याची फक्की मारून मैदान आखायचा. तालुक्याच्या स्पर्धांसाठी त्यांना पळणारी मुलगी हवी होती. मी हात वर केला आणि तिचं नाव सांगितलं. मला कुणी सांगायला लावलं नव्हतं. मैत्रीण माझी, त्यामुळं तिचा मोठेपणा थोडा माझाही, असा माझा हिशेब होता. ती माझ्याकडे बघत राहिली. सरांनी तिला मैदानाला एक फेरी मारायला लावली आणि तिची फेरी संपायच्या आत वहीत तिचं नाव लिहून टाकलं.

बारामतीला स्पर्धा होत्या. मी लंगडीच्या राखीव खेळाडूंत होते, म्हणून मलाही जाता आलं. तिची दोनशे मीटरची शर्यत दुपारी लागली. शिट्टी झाली आणि वळणापर्यंत ती इतकी पुढं निघाली, की आम्ही आधीच नाचायला लागलो. आणि मग तिनं मागं वळून पाहिलं. मागं कुणी नव्हतं. दुसरी मुलगी दहाबारा पावलं लांब होती. माझी मैत्रीण हळू झाली. दमली नव्हती, पाय मुरगळला नव्हता, ती नुसती हळू झाली. ती मुलगी जवळ आली, दोघी काही पावलं बरोबर पळाल्या आणि शेवटी त्या मुलीनं छाती पुढं काढून फीत तोडली. आमची हसत हसत दुसरी आली.

सरांनी तिला बाजूला घेऊन विचारलं, की मागं का बघितलंस. ती म्हणाली, “ती लई लांब राहिली हुती.” सर ओरडले नाहीत. ते मैदानाच्या कडेला जाऊन उभे राहिले, पाठ करून. ओरडले ती मी. परतीच्या एसटीत तिच्या शेजारी बसून मी तिला म्हणाले, की तुझ्यामुळं शाळेची लाज गेली, एवढंसं तर करायचं होतं. ती खिडकीतून बाहेर बघत होती. पणदऱ्याच्या फाट्यावर उतरताना म्हणाली, “मला ठावं नव्हतं तुला एवढं लागंल.”

पुढच्या वर्षी तिनं मागं पाहिलं नाही. सर रोज सकाळी आणि संध्याकाळी तिच्याकडून सराव करून घ्यायचे. संध्याकाळचा सराव नेमका दुधाच्या वेळेला असायचा, म्हणून तिची किटली तिचा धाकटा भाऊ आणायला लागला. एकदोनदा ती आली, पण खेळली नाही. साखळीत आपटून पाय दुखावला तर काय, असं सरांनी तिला बजावलं होतं. ती किटलीजवळ बसून आमचा खेळ बघायची. तालुक्याला ती पहिली आली, मग जिल्ह्यालाही गेली. शाळेच्या फळ्यावर तिचं नाव रंगीत खडूनं लिहिलं गेलं. मी सगळ्यांत मोठ्यानं टाळ्या वाजवल्या आणि त्या खोट्या नव्हत्या.

ती खेळातून गेल्यावर सगळ्यांत चपळ मीच उरले. एका संध्याकाळी मी एकटी राहिले आणि समोर सगळ्यांची साखळी. इतकी वर्षं मला हेच हवं होतं. मी उसाच्या कडेनं पळाले, चारी ओलांडली, परत आले, कुणाला सापडले नाही. साखळीतली पोरं ओढाताणीत एकमेकांवर पडत होती आणि हसत होती. कशाला हसत होती ते मला तिथून कळत नव्हतं. थोड्या वेळानं पोरं दमली. टोकाचा मुलगा म्हणाला, “जा, जिंकलीस,” आणि सगळ्यांनी हात सोडून दिले. डेअरीचं दार अजून उघडलं नव्हतं. पोरं किटल्यांजवळ जाऊन बसली, त्यांच्या गप्पा सुरू झाल्या. मी तिथंच उभी होते, धापा टाकत. आता काय करायचं ते मला समजेना. तिला जाऊन सांगावं असं वाटलं, पण ती तेव्हा शाळेच्या मैदानावर फेऱ्या मारत असणार.

दहावीनंतर तिचं पळणं सुटलं. कॉलेज बारामतीला, एसटीच्या वेळा भलत्याच, घरी परतायला संध्याकाळ व्हायची. नवं कुणी विचारणारं नव्हतं, आणि सरांची बदली झाली होती. बारावी झाल्यावर पुढच्या उन्हाळ्यात इंदापूर तालुक्यातल्या कळंबला तिचं लग्न झालं. माझी परीक्षा होती, मला लग्नाला जाता आलं नाही. जाता आलं नाही, असं मी सांगत आले आहे. खरं तर सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता आलं असतं.

वर्षभरानं मी कळंबला गेले, मुद्दाम, तिलाच भेटायला. घर रानात होतं. ओसरीवर पाऊल टाकलं तर समोरच्या भिंतीवर तिची पदकं ओळीनं टांगलेली. तिच्या सासूबाईंनी मला पाणी द्यायच्या आधी ती दाखवली. म्हणाल्या, “आमची सून जिल्ह्याला पळलीया. आल्यागेल्याला मी सांगती.” ती चुलीपाशी लाजून हसत होती. अंगानं जरा भरली होती, चेहरा तोच.

चहा झाल्यावर आम्ही दोघी विहिरीकडे गेलो. मला जे बोलायचं होतं ते मी आख्ख्या रस्त्यानं घोकलं होतं. सरांना तुझं नाव मीच सांगितलं आणि एसटीत तुला नको ते बोलले, हे मी कसंबसं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. तिला सगळं आठवत होतं.

“वंगाळ झालं असं न्हाय,” ती म्हणाली. “जिंकायला मला आवडायचं, खोटं कशाला बोलू? पर ती मजा पळून झाल्यावर यायची. टाळ्या, पेढे, समदं मागनं. पळताना कायच न्हाय, नुसती भीती. साखळीत पळतानाच मजा यायची.”

मी विचारलं, की मग तेव्हा का नाही बोललीस? ती म्हणाली, “तुला लई हौस हुती.” तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

मग तिनं माझ्या कॉलेजचं विचारलं, मी तिच्या घरचं विचारलं. तिच्या दिरानं घेतलेल्या ट्रॅक्टरबद्दल, यंदाच्या उसाबद्दल आम्ही बोललो. वेळ कसा गेला कळलं नाही. निघालो तेव्हा ऊन कलतं झालं होतं. रानातून सडकेला लागायला पाऊण मैल. निम्म्या वाटेवर असतानाच लांबच्या वळणावर बारामतीची गाडी दिसली. मी म्हणाले, जाऊ दे, पुढचीनं जाईन. पुढची गाडी दोन तासांनी होती आणि मला तेच हवं होतं.

तिनं माझी पिशवी घेतली, निऱ्या एका हातानं वर धरल्या आणि पळत सुटली. मी मागं. बांधावरून, पाटावरून, काकडीच्या वेलांना चुकवत ती सडकेवर पोचली आणि हात आडवा करून गाडी थांबवून उभी राहिली. मी पोचले तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता. कंडक्टर कुरकुरत होता. तिनं पिशवी माझ्या हातात दिली, घामानं डबडबलेल्या चेहऱ्यानं हसली, आणि गाडीतली माणसं बघतायत हे ध्यानात येताच पदर डोक्यावर ओढून घेतला.

मी मागच्या बाकावर जाऊन बसले. वळून पाहिलं, पण मागच्या काचेवर इतकी धूळ होती की नुसती सडक दिसली, तीही अंधूक.