मालनचा हापूस

दहिसरला नदीकाठच्या एका चाळीत मालन परब राहायची. गिरणीच्या संपात नवरा धोंडू घरी बसला, तेव्हापासून ती खानावळीसाठी पोळ्या लाटून घर चालवत होती. चाळीमागे दोन आंबे होते. रायवळ जुना, हापूसचं कलम मात्र तिनं लग्नानंतर माहेराहून, देवगडाहून, एस्टीत मांडीवर धरून आणलेलं.

शहाऐंशीच्या दिवाळीत हापूसच्या बुंध्याशी लाकडाचा भुसा दिसला. भिरूड लागला होता. त्याची अळी खोडात शिरते आणि झाड आतून पोखरते. रायवळाला काहीच झालं नव्हतं.

चाळ कमिटीचे सेक्रेटरी विद्याधर सामंत म्हणाले, "उद्या कीड आमच्या वाशांत शिरेल. दोन्ही झाडं पाडायची."

"रायवळानं काय केलंय? आणि हापूस अजून जिवंत आहे."

"मरणारच ना तो?"

"मग मरू दे आपल्या मरणानं. तुम्हाला कसली घाई?"

रविवारी सामंत दोन लाकूडतोडे घेऊन आले. मालन बुंध्याला पाठ टेकून बसली होती, पुढ्यात परात, हात कणकेत. एकानं कुऱ्हाड उचलली तशी ती ओरडली, "आधी माझ्यार चालव, मगे झाडार!" चिडली की तिच्या तोंडी मालवणीच यायची.

"बाई उठल्याशिवाय आम्ही हात लावणार नाही," म्हणत लाकूडतोडे निघून गेले.

गावाहून आलेल्या भावानं, सहदेवनं, उपाय सांगितला. सायकलच्या तारेचं टोक वाकवून ती भोकात घालायची, अळी ओढून काढायची, रॉकेलचा बोळा कोंबून वर चिखल लिंपायचा. पहिली अळी बोटाएवढी जाड, पांढरी निघाली. मालनला शिसारी आली, पण चपलेखाली चिरडलीच. एक मोठी फांदी मात्र पार वाळलेली. ती तिनं स्वतःच तोडायला लावली आणि त्या दिवशी जेवली नाही.

पुढच्या वर्षी तुडतुड्यांनी हापूसचा सगळा मोहोर काळा केला. रायवळ तेवढा लगडला. त्यानंतरच्या उन्हाळ्यात हापूसला टोपलीभर आंबे आले, तेही लहानखुरे. मालननं ते खोलीखोलीत वाटले.

त्याच वर्षी रायवळाखालीही भुसा पडला.

"पसरली ना कीड?" सामंत म्हणाले. "आता तरी ऐकशील?"

मालननं पदर खोचला. "नाही ऐकणार. सरका जरा, उजेड अडतोय."

आणि ती वाकून भोक शोधू लागली.